बाप, वाढतं वय आणि समलिंगी मुलाची कथा : खानदेशातून येणारे नेहमीचे प्रश्न

मी चोपडा तालुक्यातल्या केळीच्या गावात वाढलो. कथा लिहितो. समलिंगी आहे. गेली काही वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची तरुण मुलं मला आपल्या कथा वाचायला पाठवतात. त्यांतल्या बऱ्याच कथांमध्ये सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असतो. आपण वर्गातल्या इतर मुलांसारखे नाही हे त्याला उमगत असतं, आणि कथेत कुठेतरी त्याचा बाप उभा असतो. कधी दारात, कधी हातात पट्टा घेऊन, कधी नुसता पाठमोरा.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तिथे पुस्तकांच्या गाळ्यांसमोर एका मुलाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सर, आपल्याकडच्या मुलाची अशी कथा कुठे मिळेल?" 'अशी' म्हणजे कशी, हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. त्या मुलाला गर्दीत नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मनात होतं, की असे सगळे प्रश्न एकदा एका जागी मांडावेत. शेवटचा प्रश्न बापांकडून आलेला आहे.

वयात येण्याची कथा म्हणजे नेमकं काय?

एखादं मूल मोठं होताना त्याचं घर, शाळा, गाव, प्रेम, अपयश यांतून कसं घडत गेलं, याची कथा. जर्मन भाषेत तिला बिल्डुंग्सरोमान म्हणतात. गटेची १७९५-९६ मधली विल्हेल्म माइस्टरवरची कादंबरी या प्रकाराची सुरुवात मानली जाते. साच्यातली कथा अशी चालते: मुलगा घर सोडतो, ठेचा खातो, आणि शेवटी जगात त्याला त्याची जागा सापडते.

आपल्याकडे ती जागा बहुतेक वेळा आधीच आखलेली असते. नोकरी, लग्न, घरावर दुसरा मजला, आईच्या मांडीवर नातू. खरं म्हणजे ती बापाचीच जागा असते, मुलगा फक्त तिथे येऊन बसतो. समलिंगी मुलाला ती जागा बसत नाही. त्याच्या कथेत बाप एवढा मोठा का होतो, याचं पहिलं कारण इथे आहे. ज्या खुर्चीवर पुढे आपण बसायचं आहे ती तो रोज पाहतो, आणि ती आपल्यासाठी नाही हे त्याला कळत असतं.

मराठीत वाढत्या वयाच्या कथा आईच्या असतात. मग इथे बाप कशाला?

प्रश्न योग्य आहे. मराठी बालपणावर सगळ्यात दाट सावली आहे ती १९३५ साली आलेल्या 'श्यामची आई'ची. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातली मुलं सांभाळत होते, त्यामुळे खानदेशात तर ते पुस्तक घरातलंच वाटतं. त्या पुस्तकात वडील आहेत, कर्जाखाली वाकलेले आहेत, पण श्यामला घडवणारा हात आईचा आहे. आपल्या मनात तेव्हापासून एक वाटणी पक्की झाली: संस्कार आईचे, पैसा आणि धाक बापाचा. ही वाटणी मोडणारी पुस्तकं आली. नरेंद्र जाधवांचं १९९३ सालचं 'आमचा बाप आन् आम्ही' हे त्यांतलं ठळक. तिथे बाप स्वतःच्या आवाजात बोलतो.

समलिंगी मुलाच्या कथेत आई असतेच. पुष्कळदा आधी तिलाच कळतं. पण मुलगा पुरुष व्हायला शिकतो तो बापाकडे बघून. बाप धोतर किंवा पँट कशी सावरतो, बैलाला कसा हाकारतो, पाहुण्यांत मांडी घालून कसा बसतो, रडू आलं तर काय करतो. बाप हा मुलाने जवळून पाहिलेला पहिला पुरुष असतो. पुढे आयुष्यभर पुरुषांवर प्रेम करणाऱ्या मुलासाठी ही साधी गोष्ट नाही. बापाबद्दलची भीती, ओढ, त्याच्यासारखं होण्याची इच्छा आणि होता न येण्याची लाज हे सगळं एकाच माणसाभोवती गुंतलेलं असतं. नवे लेखक यातली फक्त भीती उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. माझं सगळं भांडण एवढ्याशीच आहे.

बाप दूर राहिला, कडक होता, म्हणून मुलगा समलिंगी होतो का?

नाही.

हा समज कुठून आला ते सांगतो, कारण तो अजून कथांत सापडतो. १९६२ साली अमेरिकेत आयर्विंग बीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पुस्तक काढलं आणि अलिप्त बाप व अति जवळची आई यांना समलैंगिकतेचं कारण ठरवलं. त्यांनी पाहिलेले पुरुष मनोविश्लेषणाचे उपचार घेणारे होते. अशा लोकांवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. १९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने काढली. आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं.

कारण आणि परिणाम उलटे लागले असण्याची शक्यताही लक्षात घ्या. मुलगा पाच-सहा वर्षांचा असतानाच काही बापांना त्याच्यात काहीतरी वेगळं जाणवतं, आणि ते एक पाऊल मागे घेतात. मुलाला ते पाऊल आठवतं. मोठेपणी तो म्हणतो, "अण्णा कधी जवळ आलेच नाहीत." कथेत हे पाऊल दाखवा. फार चांगली कथा होते. पण त्या पावलामुळे मुलगा तसा झाला, असं मात्र लिहू नका. बापाच्या माथी नसलेला गुन्हा येतो आणि मुलाच्या प्रेमाला रोगाचं लेबल लागतं.

मराठीत या विषयावर वाचायला काय आहे?

थोडं आहे, आणि जवळपास सगळं पुण्या-मुंबईचं आहे.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. त्यात स्त्रीवर प्रेम करणारी कॉलेजातली मुलगी आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघं पडतात, आणि आधी भाऊ, मग बहीण आपापल्या परीने ते सांगतात. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ साली समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि साध्या, थेट मराठीत बरंच लिहिलं. त्यांची 'पार्टनर' गावोगावच्या मुलांच्या हाती फिरली आहे. मला ती एका मित्राकडून वर्तमानपत्राचं कव्हर घालून मिळाली होती.

खानदेशाचं म्हणाल, तर वाढत्या वयाची मराठीतली सगळ्यात गाजलेली कादंबरी खानदेशातल्याच मुलाची आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर इथला. तिच्यात समलिंगी ओळखीचा विषय नाही. तरी मी प्रत्येक नव्या लेखकाला ती पुन्हा वाचायला सांगतो ती वडिलांसाठी. पुण्याला वडिलांच्या पैशांवर शिकणारा, ते उधळणारा, घरी परतल्यावर त्यांच्यासमोर अवघडणारा मुलगा तिथे जसा आहे, तसा अजून कुणी लिहिलेला नाही. ते अवघडणं समलिंगी मुलाच्या वाट्याला दुप्पट येतं.

बाहेरच्या भाषांतलं काय वाचावं?

श्याम सेल्वादुराई यांची १९९४ ची 'फनी बॉय' आधी वाचा. कोलंबोतला तमिळ मुलगा आर्जी चुलत-मामे बहिणींबरोबर नवरी-नवरीचा खेळ खेळतो, साडी नेसून नवरी होतो. मोठ्यांच्या ते लक्षात येतं आणि खेळ बंद होतो. पुढे बाप त्याला पुरुष बनवण्यासाठी शाळा बदलायला लावतो. मागे १९८३ च्या दंगलीकडे जाणारा देश आहे. बापाला मुलाची काळजी आहे आणि तीच मुलाचा गळा आवळते, हे या पुस्तकातून शिकावं.

जेम्स बाल्डविन यांची १९५३ ची 'गो टेल इट ऑन द माउंटन' न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जॉन नावाच्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी घडते. सावत्र बाप धर्मोपदेशक आहे, कठोर आहे. लेखकाने मात्र त्या बापाचं आख्खं पूर्वायुष्य उलगडून दाखवलंय. त्याचा राग कुठून आला ते वाचकाला कळतं आणि तरी तो क्षम्य ठरत नाही. हे अवघड आहे. तसं जमलं पाहिजे.

आंद्रे असिमन यांच्या २००७ च्या 'कॉल मी बाय युवर नेम'मधला, शेवटाकडे मुलाशी प्रेमाबद्दल मोकळेपणी बोलणारा प्राध्यापक बाप पुष्कळांना आवडतो. मलाही आवडतो. त्याचा सिनेमा २०१७ साली आला आणि त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या कथांत पारोळ्याचे, साक्रीचे बापही दोन-दोन पानं शहाणपणाचं बोलायला लागले. आपल्याकडचा बाप एवढं बोलत नाही. त्याचं प्रेम त्या भाषणात शोधलंत तर सापडणार नाही.

मग खानदेशी बाप लिहायचा कसा?

मी पहिली कथा लिहिली तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तीस पानी. त्यात बाप मुलाच्या मुस्काटात मारतो, पुस्तकं चुलीत घालतो आणि म्हणतो, तू मला मेलास. मी ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली. परत आली. सोबत संपादकांच्या हातची एक ओळ होती: "यातला बाप काय काम करतो?"

मी हादरलो. तीस पानांत बापाचं काम नव्हतं. त्याला हात होते ते मारण्यापुरते. माझ्या वडिलांनी तर मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं.

त्या ओळीनंतर मी वडिलांचं काम आठवायला बसलो. आमच्याकडे शेतीला लाइट रात्रीची यायची. अण्णा जेवून अंगणात बाज टाकत आणि लाइटची वाट बघत पडत. आली की उठत, बॅटरी घेत आणि मला हाक मारत. बारावीपर्यंत मी त्यांच्याबरोबर जात होतो. पुढे ते, मागे मी, मध्ये बॅटरीचा गोल. केळीच्या बागेत रात्री पानांचा आवाज सतत येतो, माणूस चालल्यासारखा. मोटर सुरू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, ठिबकच्या नळ्या कुठे उंदराने कुरतडल्यात ते बघायचं. मग बांधावर बसून राहायचं, लाइट जाईपर्यंत. तासन्‌तास आम्ही दोघं शेजारी बसलेलो असायचो. त्या अंधारात मी कित्येकदा ठरवलं होतं, की आज सांगायचं. आणि अण्णाही एक-दोनदा घसा साफ करून गप्प राहिले होते. काय विचारणार होते, कोण जाणे.

कथा तिथे होती. मुस्काटात मारण्यात नव्हती.

तेव्हा बापाला काम द्या, आणि ते काम तुम्हाला माहीत असलेलं असू द्या. रावेर-यावलचा केळीवाला बाप, करप्याने पानं पिवळी पडली की जेवणावरून उठणारा. कापूस वेचून झाल्यावर व्यापाऱ्याच्या काट्याकडे रोखून बघणारा बाप. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, ड्युटीच्या वेळा बदलत्या असल्याने मुलाला कधी झोपलेलाच दिसणारा बाप. जळगावच्या डाळ मिलमध्ये हमाली करणारा. दुसऱ्याच्या शेतावर सालदार असलेला, ज्याचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. सातपुड्यातून ऊसतोडीला जाणारा आणि मुलाला आश्रमशाळेत ठेवणारा. या प्रत्येकाचा मुलाशी असलेला धागा वेगळा आहे. सालदाराच्या मुलाला घर सोडून पुण्याला पळता येत नाही, कारण बापाने उचल घेतलेली असते.

दुसरं, बापाची भीती ओळखा. मुलाला वाटतं बाप आपल्याला घाबरवतोय. पुष्कळदा बापच घाबरलेला असतो. केळीला घड एकदाच येतो. घड उतरवला की खोड निकामी. मग बुडाशी फुटलेलं एक पील, म्हणजे कोंब, धरतात आणि त्यावर पुढची बाग उभी राहते. ज्याने चाळीस वर्षं हेच पाहिलं त्याच्या मनात घराण्याचं चित्रही तसंच असतं. मुलाने लग्न केलं नाही तर सातबाऱ्यावर पुढे नाव कोणाचं? भाऊबंद बांध कोरत येतील. चुलत्याची मुलं आत्तापासून विहिरीच्या पाण्यावर हक्क सांगताहेत. म्हातारपणी दवाखान्यात कोण नेईल? ही भीती अडाणी नाही. तिच्यात हिशेब आहे, अनुभव आहे. तिला कथेत पूर्ण जागा द्या आणि मग मुलाला तिच्यासमोर उभं करा. दोघांचंही खरं असेल तर वाचकाला बाजू घेणं अवघड जाईल. तसंच हवं.

तिसरं, हाक. आपल्याकडे बापाला अण्णा, आबा, नाना, दादा, बापू, आप्पा, तात्या म्हणतात. मोठ्या एकत्र घरांत चुलते जी हाक मारतात तीच मुलंही मारतात, म्हणजे सख्ख्या बापाला दादा आणि चुलत्याला बापू. 'बाबा' आणि 'पप्पा' कुठल्या घरात आले आणि कधी आले, हे तुम्हाला माहीत आहे. तेच लिहा.

आखाजी, कानबाई असे सण अशा कथेत आणावेत का, की तो नुसता रंग होईल?

सण मुलामुलींची वाटणी उघडी पाडतो तिथे आणावा.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात. पुरुष पारावर, देवळामागे पत्त्यांचे डाव मांडून बसतात. आता एक आठ वर्षांचा मुलगा घ्या, ज्याला सगळी गाणी पाठ आहेत, बहिणींपेक्षा चांगली. तो झोक्यावर उभा राहून गातो आहे. बायका हसताहेत, कौतुकही करताहेत. पलीकडे पत्ते खेळणाऱ्यांतला एकजण त्याच्या बापाला म्हणतो, "तुम्हना आंडोर का आंडेर?" तुमचा मुलगा की मुलगी? डाव थांबत नाही. बाप पान टाकतो. पुढच्या वर्षी आखाजीला तो मुलाला सकाळीच स्वतःबरोबर पारावर घेऊन जातो आणि शेजारी बसवतो.

एवढंच पुरे आहे. बापाने मुलाला शिक्षा केली की वाचवलं, हे मलाही सांगता येणार नाही.

'बायल्या' सारखे शब्द कथेत वापरावेत का?

जो बोलेल त्याच्या तोंडी, जिथे बोलेल तिथे. निवेदकाच्या तोंडी नाही. आणि लक्षात ठेवा, हळुवार चालणारी सगळी मुलं समलिंगी नसतात आणि सगळी समलिंगी मुलं हळुवार चालत नाहीत. मी कबड्डी खेळायचो. माझ्यावर कुणाला संशय आला नाही, आणि तो वेगळाच एकटेपणा होता.

अहिराणीत लिहावं का? त्यात या गोष्टी बोलता येतात का?

संवाद तरी जरूर अहिराणीत, किंवा तुमच्या घरी लेवा बोली असेल तर तिच्यात, पावरी असेल तर तिच्यात. एका भाषेतून दुसरीत जाताना मुलाचं काय होतं, हाच कथेचा गाभा असू शकतो. तो मुलगा 'समलिंगी' हा शब्द पुस्तकात वाचतो, 'गे' मोबाइलवर वाचतो. घरात ज्या भाषेत तो भाकर मागतो तिच्यात लहानपणी त्याने ऐकलेले शब्द फक्त टोमण्याचे असतात. म्हणून बापाला सांगायची वेळ आली की तो एकदम प्रमाण मराठीत बोलायला लागतो, शाळेत भाषण केल्यासारखा. बापाला ते परकं वाटतं. प्रेमाबद्दल बोलायला बापाकडेही वेगळी भाषा नसते. त्याच्याकडे असतं "कव्हय उना?" आणि "जेवन व्हयनं का?" कधी आलास, जेवलास का. रुसलेला, तुटलेला मुलगा दोन वर्षांनी दारात आल्यावर बापाने एवढंच विचारलं, तर त्यात काय काय आहे हे आपल्याकडचा वाचक ओळखतो. त्याला समजावून सांगू नका.

बापाला सांगण्याचा प्रसंग असायलाच हवा का?

नाही. हा प्रसंग परदेशी पुस्तकांत आणि मालिकांत इतक्यांदा आला आहे की तो नसेल तर कथा अपुरी राहिली असं लिहिणाऱ्यालाच वाटतं. आपल्याकडे बरंचसं न सांगता कळतं आणि कळूनही बोललं जात नाही. पाहुणे स्थळ घेऊन आले की बाप "अजून शिकतोय" म्हणतो. तिसऱ्या वर्षीही म्हणतो. मुलगा तीस वर्षांचा झाला तरी म्हणतो. हे सांगणं नाही तर काय आहे? अर्थात अशा मौनात मुलं घुसमटतात, काहींनी जीवही दिला आहे. मौनाला सुंदर करून ठेवू नका. त्याची किंमत कोण भरतंय तेही दिसू द्या.

कथा कुठल्या सालात घडते याने काय फरक पडतो?

फार. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने, ज्याखाली समलिंगी संबंध गुन्हा ठरत त्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा ते गुन्ह्यातून बाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयाने नकार दिला. म्हणजे २००९ साली सोळा वर्षांचा असलेला मुलगा विशी ओलांडता ओलांडता पुन्हा गुन्हेगार ठरला. तो मुलगा शिरपूरच्या घरात पेपर वाचतो आहे आणि बाप तोच पेपर त्याच्यानंतर वाचणार आहे. पान दुमडून ठेवायचं की उघडं?

फोनही बघा. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि गावातल्या मुलाला आपल्यासारखे इतर आहेत हे खोलीत बसून कळायला लागलं. त्याआधीचा मुलगा एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर अवलंबून होता.

बापच समलिंगी असेल तर?

ही आपल्याकडची सगळ्यात कमी लिहिलेली कथा आहे. वेळच्या वेळी लग्न लावून दिलेले, मुलं झालेले, आयुष्यभर गप्प राहिलेले पुरुष प्रत्येक तालुक्यात आहेत. ॲलिसन बेकडेल यांच्या २००६ च्या 'फन होम' या चित्रांतून सांगितलेल्या आठवणींत मुलगी स्त्रियांवर प्रेम करणारी आहे आणि तिला कळतं की बापाने आपलं पुरुषांवरचं प्रेम जन्मभर लपवलं. मुलाला बापाचं गुपित सापडतं तेव्हा त्याचा राग कोणावर असेल? स्वतःसाठी जे धैर्य तो बापाकडे मागत होता ते बापालाच मिळालं नव्हतं.

असं लिहाल तर आईला विसरू नका. त्या लग्नात तिचंही आयुष्य गेलं आहे. ती दुःखाचा देखावा म्हणून कोपऱ्यात बसवायची नाही.

उघडपणे समलिंगी असलेल्या पुरुषाला बाप व्हायचं असेल तर आज वाट अरुंद आहे. दोन पुरुषांना जोडीने मूल दत्तक घेता येत नाही. एकट्या पुरुषाला घेता येतं, पण मुलगी नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्यात एकट्या पुरुषाला जागाच नाही. कथेत हे ओझरतं येऊ शकतं. पुतण्याला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरणारा काका पुष्कळ काही सांगतो.

शेवटी बापाने स्वीकारलं असं दाखवावं का?

कथेने तिथवर नेलं असेल तर दाखवा. मला सगळ्यात खरे वाटलेले शेवट अर्धवट आहेत. बाप मुलाला समजून घेत नाही, पण त्याच्या मित्राला केळीचा घड पाठवतो. गावात कुणी बोललं तर उठून जातो. घरी मात्र त्या मित्राचं नाव घेत नाही. माणसं अशी टप्प्याटप्प्याने हलतात, आणि काही हलतच नाहीत. न हलणारा बापही लिहा. तो मेल्यावर खांदा देणारा मुलगा काय विचार करत असेल तेही.

माझ्या घरच्यांनी, गावाने ओळखलं तर?

टोपणनावाने लिहा. गाव बदला, तालुका बदला, बापाचा धंदा बदलू नका, कारण तो बदलला की कथा खोटी व्हायला लागते. त्याऐवजी भावंडांची संख्या बदला, घराची दिशा बदला. ज्याच्यावर प्रेम केलंत त्याची ओळख पटेल असं काहीही ठेवू नका. तुम्ही धोका पत्करलात म्हणून त्यानेही पत्करला असं होत नाही. तुम्ही घरावर अवलंबून असाल, शिकत असाल, तर छापायची घाई करू नका. लिहून ठेवा. कथा थांबते.

मी बाप आहे. मुलाच्या दप्तरात अशी कथा सापडली. काय करू?

हा प्रश्न मला आजवर तीन बापांनी विचारला आहे, तिघांनीही दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून.

ती कथा म्हणजे मुलाचा कबुलीजबाब नाही. कदाचित त्याचं स्वतःचं असेल, कदाचित मित्राचं. होती तिथे ठेवा. बायकोला, भावाला, मास्तरांना दाखवू नका. डॉक्टरकडे 'बरं' करायला नेऊ नका. असे उपचार करणं हा डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. आणि वाचलीच असेल, तर त्यातला बाप बघा. तुमच्या मुलाला तुम्ही कसे दिसता, हे इतकं स्पष्ट दुसरं कुणी तुम्हाला सांगणार नाही.

माझी ती कथा मी पुन्हा लिहिली. बारा पानी झाली. रात्रीची बाग, बॅटरीचा गोल, बांधावर बसलेले दोघं. मुलाच्या मनात कोण आहे ते तिच्यात स्पष्ट आहे, नावासकट. छापून आल्यावर अंक घरी मी नेला नाही, कुणीतरी नेला. दोन महिन्यांनी मी गावी गेलो. अण्णांनी जेवलास का विचारलं. जेवण झाल्यावर अंगणात बाज टाकली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले की गोष्टीत एक चूक आहे. लाइट बाराला नाही, साडेदहाला यायची. बाराची ती नंतर झाली, तू कॉलेजला गेल्यावर.

पुस्तकात ती कथा घेतली तेव्हा मी वेळ दुरुस्त केली.